छोट्या रीफ टँकमधलं शेवाळ: कोणता उपाय आधी, कोणता शेवटी

रीफ टँक म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्यातल्या शेवाळावरचे उपाय बहुतेकांना माहीत असतात. चुकतो तो त्यांचा क्रम. रॉकवर, म्हणजे टँकमधल्या खडकांवर, केसांसारखं हिरवं शेवाळ दिसलं की एकाच आठवड्यात सगळं होतं: अर्धं पाणी बदललं जातं, तेही स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने, बाटलीतलं औषध पडतं, डझनभर गोगलगायी येतात, फॉस्फेट शोषणारी पिशवी लागते आणि वर तीन दिवस दिवे बंद. पंधरवड्यात हिरवं जातं, वाळूवर तपकिरी बुळबुळीत थर चढतो, झोआ (बटणांसारखे मऊ प्रवाळ) मिटून बसतात आणि ‘नाशिकच्या पाण्यात रीफ टँक होत नाही’ असं म्हणून टँक विकायला निघतो. नाशिकच्या पाण्यात रीफ टँक उत्तम होतो. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही.

खालचे आकडे साधारण ६० लिटरच्या टँकसाठी आहेत: मऊ प्रवाळ, क्लाउनफिशची जोडी, एखादी क्लीनर कोळंबी. तुमचा टँक ४० किंवा १०० लिटरचा असेल तर त्या प्रमाणात बदला. पूर्ण कामाला आठ ते दहा आठवडे धरा.

१. आधी शेवाळ ओळखा

सगळ्यात जास्त नुकसान या पायरीवर होतं, कारण एका प्रकारावरचा इलाज दुसऱ्याला पोसतो.

हिरवं केसाळ शेवाळ लांब, मऊ असतं आणि चिमटीत धरलं की तुटून येतं. ब्रायॉप्सिस त्याच्यासारखंच दिसतं, पण भिंगातून पाहिलं तर प्रत्येक काडीला पिसासारख्या बारीक फांद्या असतात. त्याला गोगलगायी सहसा तोंड लावत नाहीत. व्हॅलोनिया म्हणजे बुडबुड्याचं शेवाळ: चकचकीत हिरवे गोळे, मोहरीपासून द्राक्षाएवढे, रॉकला घट्ट चिकटलेले. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि वाळूवर जी तपकिरी पावडर येते ती डायटमची. पाण्यातलं सिलिकेट संपलं की ती बहुधा आपोआप जाते, तिच्यामागे लागू नका.

उरले दोन, आणि घोळ होतो तो यांचाच. सायनो म्हणजे लाल-जांभळी चादर. हे शेवाळ नाही, जिवाणू आहेत. पिचकारीने पाण्याचा झोत मारला की चादर अखंड तुकड्यात उचलली जाते. डायनोफ्लॅजेलेट तपकिरी असतात, त्यांचे शेंबडासारखे दोरे लोंबतात आणि दोऱ्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. रात्री थर विरळ होतो, दुपारी पुन्हा दाट.

खात्री करायची सोपी रीत अशी. पिचकारीने थोडा तपकिरी थर टँकच्या पाण्यासह ओढून छोट्या बाटलीत घ्या आणि मिनिटभर जोरात हलवा. मग कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळा. खाली आलेलं पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेल. ते काचेच्या पेल्यात घालून टँकच्या दिव्याखाली तासभर ठेवा. डायनो असतील तर त्या पाण्यात पुन्हा तपकिरी दोरे जुळून येतात. सायनो किंवा डायटम असतील तर तसं होत नाही. ओळखीत कोणाकडे कॉलेजचा सूक्ष्मदर्शक असेल तर ४०० पट मोठं करून पाहा, शंकाच उरत नाही.

तपासा: डायनो निघाले तर पुढच्या सगळ्या पायऱ्या तशाच करू नका. पायरी ६ मधला डायनोचा भाग आधी वाचा.

२. टँकमध्ये जाणारं पाणी

शहरात महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं. पण सोसायटीच्या टाकीत त्यात बोअरचं पाणी मिसळतं, उन्हाळ्यात टँकरचंही. त्यामुळे कॉलेज रोडच्या एका इमारतीतला आकडा शेजारच्या इमारतीला लागू होत नाही. साधा टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या आणि तीन ठिकाणचं पाणी मोजा: नळाचं, आरओच्या नळाचं आणि मेंब्रेनमधून (आरओच्या मुख्य गाळणीतून) थेट बाहेर येणारं.

दुसरा आणि तिसरा आकडा सहसा जुळत नाही. घरगुती आरओला टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते. चवीसाठी कंट्रोलर थोडं कच्चं पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळतो. पिणाऱ्याला ते चांगलं, पण रीफ टँकमध्ये त्याच वाटेने नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट रोज थोडं थोडं जात राहतं. पाणी उडून जातं, हे मागे राहतं.

मेकॅनिकला सांगून मेंब्रेननंतर आणि कंट्रोलरच्या आधी टी-जॉइंट काढून घ्या. त्या फाट्यावर डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं) कार्ट्रिज लावा. शेवटी पेनवर शून्य यायला हवं. मशीन काही तास बंद असेल तर सुरुवातीचे दोन-तीन लिटर झाडांना घाला, कारण थांबलेल्या मेंब्रेनमधून पहिलं पाणी जास्त टीडीएसचं येतं.

पेनवर १ किंवा २ दिसू लागलं की रेझिन बदला. ‘दोनच तर आहे’ म्हणून महिनाभर ढकलू नका. रेझिन संपत आलं की त्याची सगळ्यात सैल पकड असलेलं सिलिकेट आधी सुटतं, आणि ते पेनला नीट दिसतही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा सेडिमेंट फिल्टर लवकर भरतो, त्या दोन महिन्यांत तो जास्त वेळा पाहा.

पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी वापरू नका. त्यात काय असावं हे माशांचा विचार करून ठरलेलं नसतं आणि प्रत्येक कॅन वेगळा निघतो.

सावध: घर शेतीचं असेल तर बादली कोणती घेता हे पाहा. मोरचूद किंवा बोर्डो मिश्रण एकदाही कालवलेली बादली, मग कितीही धुतलेली असो, टँकच्या कामाला नको. तांब्याचा अंशसुद्धा गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ मारतो. टँकसाठी दोन नव्या बादल्या आणि एक मग घ्या, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा आणि घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

३. मोजणी: शून्य आलं म्हणून निश्चिंत होऊ नका

आठवडाभर काहीही न बदलता तीनदा मोजा, दर वेळी सकाळी दिवे लागण्याआधी. क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे हायड्रोमीटरच्या भाषेत १.०२५ ते १.०२६. तापमान २५-२६ अंश. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) ८-९ डीकेएच, हे तिचं एकक. नायट्रेट आणि फॉस्फेट नोंदवा.

रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) साध्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने लावा. शून्याला बरोबर आणि ३५ ला चुकीचं दाखवणारे रिफ्रॅक्टोमीटर बरेच असतात.

फॉस्फेटसाठी गोड्या पाण्याचं रंग जुळवायचं किट निरुपयोगी आहे. त्याची पहिली पट्टीच ०.२५ असते आणि आपला सगळा खेळ ०.०३ ते ०.१ पीपीएममध्ये (दहा लाखांत इतके भाग) चालतो. हॅना कंपनीचा फॉस्फरसचा चेकर (छोटं मोजणी यंत्र) असेल तर लक्षात ठेवा, तो फॉस्फेट नव्हे तर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात इतके भाग) दाखवतो. आकड्याला ३.०६६ ने गुणा आणि १००० ने भागा. ३० आला तर फॉस्फेट ०.०९ झालं. त्याची काचेची कुपी वापरण्याआधी कोरड्या मऊ कापडाने पुसा, बोटाचा एक ठसा आकडा हलवतो.

आता महत्त्वाचं. रॉक हिरवागार आहे आणि किट शून्य दाखवतं, असं पुष्कळदा होतं. म्हणजे पोषण नाही असं नव्हे, ते पाण्यात पोचताच शेवाळ खाऊन टाकतं आहे. अशा टँकमध्ये फॉस्फेट आणखी खाली ओढायला जाऊ नका. आधी शेवाळ हाताने काढा, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. खरा आकडा तेव्हा दिसेल.

४. हाताने काढणं

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हीच सगळ्यात जास्त काम करते. तुम्ही बाहेर काढलेल्या प्रत्येक मुठीबरोबर त्यात साठलेलं नायट्रेट-फॉस्फेटही बाहेर जातं. औषधाने जागच्या जागी मेलेलं शेवाळ मात्र कुजून ते सगळं पाण्यात परत देतं.

एका वेळी एक तृतीयांश रॉकच घ्या. पुढच्या आठवड्यात दुसरा भाग, त्याच्या पुढे तिसरा. सगळे रॉक एका रविवारी घासले की पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू हादरतात आणि अमोनिया वर येतो.

*आदल्या दिवशी:* सहा लिटर शून्य टीडीएसचं पाणी बादलीत घ्या, त्यात रीफ सॉल्ट घाला. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. साधारण २१० ते २३० ग्रॅम लागतं, नेमकं प्रमाण डब्यावर पाहा. छोटा पंप आणि हीटर लावून रात्रभर फिरू द्या. सकाळी क्षारता आणि तापमान टँकशी जुळायला हवं.

*सामान:* १२ मिलिमीटरची नळी, ५-६ मिलिमीटरची बारीक नळी, मऊ टूथब्रश, लांब चिमटा, बोथट स्क्रू ड्रायव्हर, फिल्टर सॉक (गाळायची कापडी पिशवी) किंवा दाट मलमलचं कापड, रबरी हातमोजे, चष्मा, जुना टॉवेल.

*त्या दिवशी:*

पंधरा मिनिटं आधी हीटर बंद करा. तापलेली काच पाण्याबाहेर आली की तडकते. मग वेव्हमेकर (पाण्याला प्रवाह देणारा पंप) आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद करा. तुटलेले तंतू प्रवाहात फिरले तर टँकभर रुजतात.

टूथब्रशचं डोकं बारीक नळीच्या तोंडाशी येईल असा ब्रश नळीला दोन रबरबँडांनी बांधा. नळीचं दुसरं टोक बादलीवर बांधलेल्या सॉकमध्ये सोडा. आता घासलेलं तिथल्या तिथे ओढलं जातं. सॉकमधून गाळलेलं पाणी टँकमध्ये परत घालता येतं, त्यामुळे पाणी संपेल म्हणून घाई होत नाही. नळीत शेवाळ अडकलं तर तोंडाने ओढू नका, नळी उलटी करून बादलीतल्या पाण्याने धुवा.

लांब केस ओढून काढायचे नाहीत. चिमटा रॉकला टेकवून मुळाशी धरा, दोन पीळ द्या आणि हळूहळू वर घ्या. नीट निघालं तर टोकाला रॉकचा पापुद्रा, कधी गुलाबी कोरलाइनची (रॉकवर चढणाऱ्या कठीण शेवाळाची) चकती चिकटून येते. ती येऊ द्या. फक्त केस हातात आले आणि खाली हिरवी खुंटं राहिली तर दहा दिवसांत तेवढंच परत येईल.

व्हॅलोनियाचा गोळा फोडू नका. बोथट स्क्रू ड्रायव्हर बुडाशी घाला, मोठ्या नळीचं तोंड शेजारी धरा आणि गोळा अख्खा सुटून नळीत जाऊ द्या.

सुटे रॉक टँकच्याच पाण्याच्या बादलीत बाहेर घासा, दुसऱ्या बादलीत दोन-तीनदा बुचकळा आणि परत ठेवा. रॉक कोरडा पडू देऊ नका. बाहेरचं सगळं काम दहा-पंधरा मिनिटांत आटपा.

वाळूचाही एक तृतीयांश भाग मोठ्या नळीने साफ करा. हे पाणी परत घ्यायचं नाही. याच सहा लिटरच्या जागी तयार पाणी घाला. पंप सुरू करा, नवी फिल्टर फ्लॉस (कापसासारखी गाळणी) लावा आणि कार्बनची पिशवी टाका. हीटर पाण्यात पूर्ण बुडालाय हे पाहून सगळ्यात शेवटी चालू करा.

तपासा: दोन तासांनी फ्लॉस काढून पाहा. त्यात हिरवे तंतू असतीलच. लगेच बदला, झोपायच्या आधी पुन्हा बदला. फ्लॉसमध्ये अडकलेलं शेवाळ पाण्यातच असतं, ते बाहेर गेलं असं समजू नका.

सावध, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका: झोआ किंवा पॅलिथोआ (झोआसारखेच प्रवाळ) असलेला रॉक कधीही उकळू नका, त्यावर उकळतं पाणी ओतू नका, कोरड्या ब्रशने घासू नका. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन अत्यंत जहाल विष आहे. ते वाफेतून आणि तुषारांतून श्वासात जातं. ‘एकदाच उकळून घे, सगळं मरेल’ असा सल्ला अजून दिला जातो आणि तो जिवावर बेतू शकतो. अशा रॉकजवळ काम करताना हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला चीर असेल तर काम पुढे ढकला. नंतर तोंडाला धातूची चव, ताप, छातीत जड वाटणं, धाप असं काही झालं तर थांबू नका. दवाखान्यात जा आणि विषाचं नाव सांगा.

५. खाणं, उजेड, प्रवाह

हाताने काढायला सुरुवात केली की याच आठवड्यापासून खाणं आवरा. दोन क्लाउनफिशना दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल एवढंच. गोठवलेल्या खाद्याचा क्यूब थेट टाकू नका. कपभर आरओच्या पाण्यात वितळवा, चहाच्या गाळणीत ओता, वरून पाणी फिरवा आणि गाळणीतलं तेवढंच घाला.

दिवे आठ तास, टायमरवर. हाताने लावले-बंद केले की दहा-अकरा तास कधी होतात ते कळत नाही. पांढरी आणि लाल चॅनल निम्म्यावर आणा, निळी तशीच ठेवा. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन टँकवर येत असेल तर जाड पडदा लावा किंवा मागच्या काचेला काळा कागद. दुपारचं दोन तासांचं ऊन टायमरचं सगळं गणित मोडतं.

प्रवाह टँकच्या आकारमानाच्या तासाला किमान वीसपट हवा, म्हणजे ६० लिटरला १२०० लिटरचा वेव्हमेकर. त्याचं तोंड रॉकच्या मागच्या कोपऱ्याकडे फिरवा. सायनोची चादर बहुतेक वेळा पाणी स्थिर असलेल्या जागी सुरू होते. फ्लॉस दर दोन-तीन दिवसांनी बदला.

६. नायट्रेट आणि फॉस्फेट हळू उतरवा

रॉकचे तिन्ही भाग एकदा काढून झाले की ही पायरी. लक्ष्य: नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. शून्य हे लक्ष्य नाही. प्रवाळांनाही दोन्ही लागतं.

पाणी बदलून नायट्रेट किती उतरतं याचा अंदाज लोक फार चढा धरतात. दहा टक्के पाणी बदललं तर नायट्रेट दहाच टक्के उतरतं. ४० असेल तर दर आठवड्याला बदलून चार आठवड्यांनी २६ येईल, तेही मध्ये नवं तयार झालं नाही तर. म्हणून खाणं आधी आवरायचं. मागे छोटा कप्पा असेल तर त्यात मूठभर चेटोमॉर्फा (दोऱ्यांसारखं, मुद्दाम वाढवायचं शेवाळ) आणि वेगळा छोटा दिवा लावा. ते उलट्या वेळी, टँकचे दिवे बंद असताना चालवा. ते वाढलं की निम्मं काढून टाका. नायट्रेट बाहेर जातं ते याच काढण्यातून.

फॉस्फेटचं वागणं वेगळं आहे. ते रॉकमध्ये आणि वाळूत मुरून बसतं. पाण्यातलं कमी झालं की आतलं बाहेर येतं. त्यामुळे जीएफओ (फॉस्फेट शोषणारी लोहाची पावडर) टाकल्यावर आकडा दोन दिवस खाली जाऊन पुन्हा वर आला तर पावडर खराब आहे असं नव्हे. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या एक चतुर्थांशापासून सुरुवात करा. जाळीच्या पिशवीत घालून आरओच्या पाण्याखाली तांबूस पाणी थांबेपर्यंत धुवा, नाही तर टँक गेरूच्या रंगाचा होतो. मी एका आठवड्यात फॉस्फेट एक चतुर्थांशापेक्षा जास्त उतरू देत नाही. एका रात्रीत ०.४ चं ०.०२ केलं तर शेवाळाच्या आधी प्रवाळ फिके पडतात. लँथेनम क्लोराइड (फॉस्फेट उतरवणारं द्रावण) एवढ्या छोट्या टँकमध्ये वापरूच नये, थेंबाची चूक भारी पडते.

*डायनो असतील तर:* सगळं उलट. ते बहुधा नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकल्यावरच माजतात. जीएफओ काढा, पाणी बदलणं थांबवा, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.१ च्या आसपास आणून टिकवा. थर रोज बारीक नळीने सॉकमधून ओढा. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या जातींवर यूव्ही दिवा चांगला चालतो. वाळूतच राहणाऱ्यांवर तो चालत नाही. काही डायनो विषारी असतात, गोगलगायी उलट्या पडू लागल्या तर काही काळ त्यांना हलवा.

नायट्रेट-फॉस्फेट वाढवायला रीफसाठीचं तयार द्रावण घ्या. आपल्याकडे प्रत्येक कृषी सेवा केंद्रात १३:००:४५ आणि ००:५२:३४ मिळतं. पहिलं पोटॅशियम नायट्रेट, दुसरं मोनो पोटॅशियम फॉस्फेट, हे खरं आहे. पण ते द्राक्षवेलीसाठी बनलेलं असतं, त्यातल्या इतर अंशांची हमी रीफसाठी पुरेशी नाही. लिंबाएवढ्या झोआच्या वसाहतीवर तो प्रयोग करू नये.

तपासा: सलग दोन आठवडे आकडे लक्ष्यात आणि काढलेल्या जागी नवी वाढ नखाएवढ्यापेक्षा कमी, असं असेल तरच पुढे जा. नसेल तर पायरी ४ पुन्हा.

७. खाणारे जीव

गोगलगायी लांब केस खात नाहीत. त्या खुंटं आणि कोवळं शेवाळ खातात. म्हणून त्या इथे येतात, सुरुवातीला नाही. ६० लिटरला चार-पाच ट्रोकस किंवा अॅस्ट्रिया आणि तितक्याच सेरिथ पुरतात. जास्त आणल्या तर शेवाळ संपल्यावर उपाशी मरतात आणि कुजून पाणी बिघडवतात. व्हॅलोनियासाठी एमराल्ड खेकडा उपयोगी पडतो, पण तो भुकेला असला तर प्रवाळांनाही हात घालतो, एकच ठेवा. टँग (शेवाळ खाणारा मोठा मासा) कितीही सुंदर असला तरी ६० लिटरमध्ये नको. त्याला पोहायला जागा लागते आणि ती इथे नाही.

कायद्याचं भान ठेवा. आपल्या समुद्रातले सगळे कठीण प्रवाळ, समुद्री काकडी आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोराटस या मोठ्या गोगलगायींनाही या कायद्याचं संरक्षण आहे. ‘वाळू साफ करायला काकडी घे’ किंवा ‘रामेश्वरमचा लाइव्ह रॉक (समुद्रातून काढलेला जिवंत खडक) आहे’ असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. सिरॅमिक किंवा कोरडा कृत्रिम रॉक वापरा. जीव घेताना जात विचारा आणि बिल मागा.

माल बहुतेक मुंबईहून कसारा घाट चढून येतो. थर्मोकोलच्या डब्यातच आणा, एप्रिल-मेमध्ये पहाटेचा प्रवास ठरवा. घरी आल्यावर मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या नळीने टँकचं पाणी थेंब थेंब पिशवीतल्या पाण्यात सोडा, चाक फिरवून सेकंदाला दोन-तीन थेंब ठेवा. गोगलगायींना क्षारतेचा धक्का सोसत नाही, तास-दीड तास द्या. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

८. औषध, ते शेवटी आणि थोड्या जागेवर

*हायड्रोजन पेरॉक्साइड* हट्टी खुंटांसाठी. आपल्या मेडिकलमध्ये बहुधा २० व्हॉल्यूमची बाटली मिळते, म्हणजे सुमारे ६ टक्के. आरओचं पाणी समप्रमाणात मिसळून ३ टक्के करा. रॉक बाहेर काढा, सुई नसलेल्या सिरिंजने फक्त शेवाळावर सोडा, दोन-तीन मिनिटं फसफसू द्या. मग टँकच्या जुन्या पाण्यात नीट धुऊन परत ठेवा. दोन-तीन दिवसांत ती जागा पांढरट पडते आणि गोगलगायी तिथे जमतात. एका वेळी एक-दोन रॉक. कोळंबी आणि झेनियाला (एक मऊ प्रवाळ) हे सोसत नाही, त्यांच्या अंगावर थेंब जाऊ देऊ नका. ब्लीचबरोबर कधीही मिसळू नका.

*फ्लुकोनॅझोल* फक्त ब्रायॉप्सिस किंवा कशालाच न जुमानणाऱ्या केसाळ शेवाळासाठी. साधारण लिटरला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० लिटरला ३००. पण रॉक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करून पाणी मोजा, ते ५० लिटरच भरेल. आधी हाताने जितकं निघेल तितकं काढा. कार्बन काढा, स्किमरचा कप काढा, दोन ते तीन आठवडे तसंच राहू द्या. पहिल्या आठवड्यात काहीच झालेलं दिसत नाही, तेव्हा दुसरा डोस टाकू नका. मरणारं शेवाळ ऑक्सिजन खातं आणि नायट्रेट सोडतं, म्हणून या काळात हवेचा पंप लावा आणि मोजत राहा. हे माणसांना चिठ्ठीवर मिळणारं बुरशीनाशक आहे. संपल्यावर आधी आठवडाभर कार्बन चालवा, मगच पाणी बदला, म्हणजे ते सरळ गटारात जाणार नाही.

सायनोवर एरिथ्रोमायसिन टाकायचं खूळ आहे, ते करू नका. प्रतिजैविक तुमच्या रॉकमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. प्रवाह, उपसणं आणि गरज पडली तर तीन दिवसांचा अंधार, एवढ्यात सायनो आटोक्यात येतो.

९. परत येऊ नये म्हणून

मार्चपासून बाष्पीभवन वाढतं. काचेवर पाण्याच्या रेषेला टेपचा तुकडा लावा आणि रोज सकाळी त्या रेषेपर्यंत शून्य टीडीएसचं साधं पाणी घाला. मिठाचं पाणी घातलं तर क्षारता चढत जाते. एप्रिल-मेमध्ये पृष्ठभागावर पंखा पुरतो. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा तोच पंखा टँक नीट थंड करत नाही, म्हणून जूनमध्ये तापमानावर लक्ष ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा १०० वॉटचा हीटर हवाच. वीज जाते त्या दिवसासाठी बॅटरीवरचा हवेचा पंप चार्ज करून ठेवा.

नवा प्रवाळ आला की शेवाळ येतं ते त्याच्या प्लगवरून, म्हणजे प्रवाळ चिकटवलेल्या छोट्या बैठकीवरून. टँकमध्ये ठेवण्याआधी तो टँकच्या पाण्याच्या वाटीत घ्या आणि मोबाइलच्या टॉर्चने प्लगची बाजू, खालची दांडी आणि प्रवाळाच्या बुडाची सांध बघा. मोहरीएवढा हिरवा गोळा किंवा पिसासारखी एक काडी दिसली तरी प्लग ठेवू नका. जमलं तर प्रवाळ प्लगवरून सोडवून जेल सुपर ग्लूने नव्या प्लगवर चिकटवा, जुना प्लग फेकून द्या. झोआ असेल तर हातमोजे आणि चष्मा घालूनच.